माळेबाहेरचा बोळा

त्याला सगळे काजळ्या म्हणायचे. आईनं ठेवलेलं नाव असेल काहीतरी, पण ते तिच्यापाशीच राहिलं. बॉयलर साफ करणारा माणूस तो. कितीही घासून अंघोळ केली तरी कानामागे, नखांच्या कडेला, मानेच्या वळ्यांत काळी रेघ उरायचीच. लग्नाच्या फोटोतसुद्धा पांढऱ्या कॉलरवर काळा डाग आहे त्याच्या. बायको म्हणायची, "मी माणसाशी लग्न केलंय की धुराड्याशी, अजून कळलेलं नाही मला." तो हसायचा. हसला की दात तेवढे पांढरे दिसायचे, मग ती म्हणायची, "चला, आहे आत कुणीतरी."

अंगानं हा एवढासा. काटकुळा. त्या धंद्यात जाड माणसाचं काम नाही. बॉयलरच्या माथ्याला मोठा लोखंडी ड्रम असतो आणि त्याला एक तोंड असतं अंड्यासारखं लांबट. आधी दोन्ही हात आत घालायचे, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून, मग दुसरा. खांदे गेले की उरलेलं अंग सापासारखं ओढून घ्यायचं. आत गेलं की मिट्ट काळोख, आणि बसायलाही जागा नाही, पोटावर पडूनच सगळं काम. बायको चारचौघींत सांगायची, "जितक्या मिठ्या त्या बॉयलरला मारतात, तितक्या मला मारल्या असत्या तर घरात पोरांची रांग लागली असती." तिला मूल नव्हतं, आणि हे तीच हसून बोलायची, म्हणून दुसऱ्या कुणाची बोलायची हिंमत व्हायची नाही.

आता हे साफ कशाला करायचं, तर आपल्या चहाच्या किटलीकडे बघ. आतून पांढरी खपली धरते आणि बाहेरून काजळी चढते. मग तोच चहा उकळायला किती वेळ घेते. तिथंही तेच, फक्त किटलीऐवजी नळ्यांचं जंगल. नळ्यांच्या आत पाणी, बाहेर आग. बाहेर काजळी आणि आत खपली असली की आग आपली कोळसा खात बसते आणि पाण्यापर्यंत ऊब पोचतच नाही. नखाएवढी खपली, पण भिंतीसारखी आडवी येते. आणि दुसरी गोष्ट वाईट आहे. आतलं पाणी वाहतं आहे तोवरच ती नळी टिकते. पाण्यानं पाठ फिरवली की लोखंड लाल होतं, मऊ होतं, फुगतं आणि फुटतं.

कारखाना कागदाचा होता. काजळ्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच बॉयलरवर फायरमन होता, म्हणजे आग आणि पाणी सांभाळणारा. हा काडी तर तो कोठी. पोट असं, की पट्टा पोटाखालूनच जायचा. तो म्हणायचा, "काजळ्या, तू ह्याचं पोट साफ करतोस, मी भरतो. आपण दोघं मिळून ह्याची आई आहोत." बॉयलरच्या कडेला एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते दिसायला. फायरमनचा जीव त्या काचेत. घास तोंडात, डोळा काचेवर. ताई, म्हणजे काजळ्याची ती बहीण, सांगायची, "घरी प्यायला पाणी दिलं तरी आधी ग्लास वर धरून बघतात, कुठवर आहे ते. मग पितात."

दोघांचं फार जमायचं. सुट्टीच्या दिवशी ताईच्या ओट्यावर बसून एकमेकांची टर उडवायची आणि वर चहाचे कपावर कप. ताईला मुलं होती, ती मोठी होऊन लांब गेली होती. म्हणजे इथं उरली ही चौघं, दोन घरांत, आणि दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी.

काजळ्याला काम शिकवलं एका म्हाताऱ्या उस्तादानं, आणि त्याची एक रीत होती, ती सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. ड्रमच्या तळाला नळ्यांची तोंडं असतात, रांगेनं, चाळणीसारखी. त्या चाळणीवर पालथं पडून एकेका नळीत लांब सळईचा तारेचा ब्रश घालायचा, खालीवर करायचा, खपली सुटली की पाणी मारायचं. एक नळी साफ झाली की तिच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, म्हणजे शेजारणीचा कचरा तिच्यात पडत नाही. शेवटी सगळे बोळे काढायचे. पण आत काळोख, उकाडा, डोळ्यांत घाम. एखादा राहिला तर? नळीत बोळा म्हणजे पाण्याच्या वाटेत धोंडा. म्हणून उस्तादाचे बोळे कधी सुटे नसायचे. एका रांगेचे सगळे बोळे एकाच दोरीला गाठी मारून बांधायचे, दोरीचं टोक वरच्या तोंडाच्या बोल्टला. काम संपलं की दोरी ओढायची, बोळे एकामागून एक बाहेर. "आधी माळ बाहेर, मग माणूस बाहेर, मग झाकण," असं तो सांगायचा. आणि सांगायचा, "बोळा कमी पडला तर बाहेरून मागून घे. तो माळेला बांधूनच आत येईल. सुटा बोळा आत न्यायचा नाही म्हणजे नाही."

ह्या माळा काजळ्याची बायको करायची. जुन्या चादरी फाडून, गाठ दातानं आवळून. वर म्हणायची, "घ्या, तुमचे भाऊजी लटकले तरी तुटायची नाही."

त्या वर्षी साफसफाईला बॉयलर बंद केला, पण पुरता निवायच्या आतच मोठे साहेब येऊन उभे. कागदाची मागणी आलेली. म्हणाले, "संध्याकाळी वाफ पाहिजे मला."

फायरमन म्हणाला, "साहेब, अजून हात लावला तर चटका बसतोय. एक दिवस थांबा. माणूस आहे तो, बटाटा नाही."

"पंखा लावा. हवा गेली की होईल थंड."

फायरमन आणखी बोलणार होता, पण काजळ्यानंच त्याला आवरलं. "जाऊ द्या भाऊजी. मी काय आज पहिल्यांदा जातोय? तुम्ही आपलं पोट घेऊन बाजूला व्हा, वारा अडतोय."

फायरमन पुटपुटत गेला आणि बादली घेऊन आला. काजळ्याच्या गळ्यात एक पिवळं फडकं असायचं, ताईनं शिवून दिलेलं, कडेला लाल दोऱ्याची टीप. ते काढून घेतलं, पाण्यात बुडवलं, आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला बांधलं. "सुकलं की बाहेर ये. दुसऱ्यांदा भिजवून देतो. हिरोगिरी करू नकोस."

ड्रमच्या तोंडापाशी दिवा धरायला मदतनीस बुटक्या होता. बुटक्या म्हणायचे, पण होता ताडासारखा, म्हणूनच त्याला कधी आत जावं लागलं नाही.

काजळ्या आत गेला. एकेक रांग करत सरकत राहिला. लोखंडाचा चटका कोपरांना बसायचा, गुडघ्यांना बसायचा. फडकं सुकलं, तो बाहेर आला, भाऊजींनी भिजवून दिलं, पुन्हा गेला. शेवटच्या रांगेपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. तिथं काय होतं, की त्या रांगेतली एक नळी मागं बिघडली म्हणून कायमची बंद करून ठेवली होती, आणि आता दुरुस्त करून पुन्हा उघडली होती. बायकोनं माळ केली ती जुन्या मापानं. माळेत त्या नळीच्या जागी बोळाच नव्हता, आणि पुढच्या नळ्या व्हायच्या असताना ते एक तोंड उघडंच राहिलं.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण बुटक्याला सामानाच्या कोठीपर्यंत जावं लागणार, साहेब खाली फेऱ्या मारतायत, आणि एका बोळ्यासाठी एवढं कशाला. डोक्याचं फडकं सोडलं, टरकन अर्धं फाडलं, नळीच्या तोंडात कोंबलं. अर्धं परत डोक्याला. जाताना काढू, हाताशीच तर आहे.

मग उरलेल्या नळ्या. त्या होईतो त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बाहेरून फायरमनचा आवाज, "काजळ्या, पुरे आता. निघ. शिजशील आत." बुटक्याचा आवाज, "साहेब विचारतायत, झालं का?" त्यानं माळा ओढल्या. एकेक करून सगळ्या आल्या, एकही गाठ सुटली नव्हती. बाहेर येऊन तो जमिनीवर आडवा पडला. फायरमननं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. माळांचा ढीग शेजारी होता. काजळ्यानं पडल्या पडल्या तो हातानं चाचपून पाहिला. माळा पुऱ्या. "घाला झाकण," म्हणाला.

इतकी वर्षं माळ पुरी म्हणजे काम पुरं. माळ पुरी दिसली आणि त्याचं मन तिथंच निवांत झालं.

घरी बायकोनं कपडे धुवायला घेतले. "अहो, ताईंनी एवढी टीप घालून दिलं, अर्धं कुठं टाकलंत?"

"फाटलं गं. असेल कुठंतरी."

"वस्तूची कदर नाही तुम्हाला." तिनं उरलेलं अर्धं धुतलं, दुमडून शिवलं, आणि गरम भांडं उतरवायला चुलीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवलं. काजळ्या जेवला आणि झोपला. गाढ झोपला. हे त्याला पुढे आयुष्यभर खुपलं, की त्या दिवशी आपल्याला झोप लागली.

बॉयलर मग असा चालला की काय सांगू. थोड्या कोळशात भरपूर वाफ. फायरमन भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या मेव्हण्याचा हात लागलाय. लोणी चाललंय लोणी."

आणि एका सकाळी ती नळी फुटली. आवाज गल्लीपर्यंत आला. आधी धप्प, मग लांबलचक फुस्स, थांबेचना. फायरमन नेमका भट्टीचं दार उघडून कोळसा सारखा करत होता. आत नळी फुटली, वाफेनं सगळी आग दारातून बाहेर ढकलली, आणि दारात तो उभा.

दवाखान्यात त्याला पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवलं. डोळे आणि तोंड तेवढं उघडं. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि पंख्यानं वारा घालायला लागली.

कारखान्यात बॉयलर तपासणारे अधिकारी आले. बाहेरूनच पाहून म्हणाले, पाणी आटलं असणार, फायरमनचं काचेकडे लक्ष नसणार. थंड झाला की नळी कापून बघू, मग नक्की सांगू. मोठ्या साहेबांनी तेवढंच धरलं. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत तेच. नळावर बायका बोलायला लागल्या, "डोळा लागला असेल हो. सकाळची पाळी, त्यात जड अंग." वाईट म्हणून नाही, अशाच. पण ते ताईच्या कानावर गेलं. दवाखान्यातही गेलं, कुणीतरी भेटायला येऊन बोलून गेलं.

त्यानंतर फायरमन दुसरं काही बोलेचना. डॉक्टर आला, "काचेत पाणी होतं." नर्स आली, "काचेत पाणी होतं, मी पाहिलं होतं." झाडूवाली आली, तिलाही तेच. ताई ग्लासात पाणी घ्यायची, त्याला मान उचलता यायची नाही, म्हणून ग्लास त्याच्या डोळ्यांपुढे वर धरायची. तो बघायचा, कुठवर आहे ते. मगच ती चमच्यानं पाजायची.

काजळ्या गेला तेव्हा ताईनं त्याला दाराबाहेर नेलं. "तुला आत पाठवणार आहेत ना रे?"

"हो. कापायच्या आधी आतला कचरा काढायचाय."

"मग तू बघ. तुला कळतं त्यातलं. पाणी होतं की नव्हतं, तुझ्या डोळ्यांनी बघून ये आणि ह्यांना सांग. बाकी कुणाचं ऐकणार नाहीत ते. असं नको जायला त्यांनी, सगळ्यांपुढे हात जोडत."

तो गेला आत. ह्या वेळी बॉयलर गार होता, कुणालाच घाई नव्हती. दिवा नळ्यांवर फिरवला. पाणी आटलं असतं तर सगळी रांगच्या रांग भाजून वाकली असती. सगळ्या धड होत्या. एकच फुटली होती. तीच, नव्यानं उघडलेली. तार वाकवून त्यानं त्या नळीत खाली घातली. वळणापाशी पाण्यानं ढकलत नेलेलं काहीतरी तारेला अडकलं. ओढलं. काळा, कुजका गोळा आला, खपली चिकटलेला. बोटानं चोळल्यावर आतून लाल दोऱ्याची टीप दिसली.

किती वेळ तो तिथं पडून राहिला कोण जाणे. बुटक्यानं वरून विचारलं, "काय सापडलं का?"

"खपली," काजळ्या म्हणाला, आणि गोळा खिशात घातला.

घरी आला तर बायको त्या पिवळ्या कापडानंच भांडं उतरवत होती. तो उभाच राहिला. तिनं विचारलं काय झालं, तर त्यानं खिशातलं काढून ओट्यावर ठेवलं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या कापडाकडे. भांडं तसंच खाली टेकवलं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "अर्धं कुठाय म्हणून."

"हो."

"आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही. फेकून दिलं तर कुणाला कळायचं नाही. एकटी तीच फुटली, तर लोखंड खराब होतं म्हणतील. पाणी होतं एवढं मी भाऊजींना सांगीन. त्यांना तेवढंच पाहिजे."

"ते विचारणार नाहीत, मग फुटली कशानं? जन्म गेलाय त्यांचा आगीपुढे."

त्यानं ओट्यावरचा गोळा उचलून पुन्हा ठेवला. म्हणाला, "ताईचं तोंड कसं बघू?"

"ते नाहीच बघायला मिळणार आता," बायको म्हणाली. "पण भाऊजी जायच्या आत बोला. नंतर बोलून कुणाला सांगणार?"

तिनं हातातलं पिवळं कापड झटकलं, घडी केली आणि त्याच्या हातात दिलं. तिनं ते का दिलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात गेला. ताई भांडं धुवायला बाहेर गेली होती. फायरमनचे डोळे त्याच्याकडे वळले.

"आत गेलास?"

"गेलो, भाऊजी."

"मग?"

"पाणी होतं. काचेत होतं आणि आतही होतं. सगळी रांग धड आहे. तुम्ही नीट पाहिलं होतं."

फायरमननं डोळे मिटले. पट्ट्यांखालून श्वास सुटल्याचा आवाज आला. काजळ्याला वाटलं, संपलं, आता उठून जावं. पण डोळे पुन्हा उघडले.

"फुटली कशानं मग?"

"बोळा राहिला होता. माझा."

"माळेतला?"

"नाही. सुटा. माळ कमी पडली. तुम्ही डोक्याला बांधलेलं फडकं फाडून घातलं."

फायरमन छताकडे बघत होता. मग हळू म्हणाला, "मागायचास की रे एक."

"हो."

"मी तिथंच होतो. दिला असता आणून."

काजळ्याला खाली बघवेना, वर बघवेना. फायरमन पुन्हा बोलला, पण ते त्याला उद्देशून नव्हतं. "म्हणजे पाणी होतं," म्हणाला. एवढंच. आणि तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळली नाही.

काजळ्या उठला तर दारात ताई. हातात धुतलेलं भांडं, त्यातून पाणी गळतंय. कधीपासून उभी होती माहीत नाही. ती पुढे आली, त्याच्या मुठीतलं पिवळं कापड ओढून घेतलं, टिपेवरून अंगठा फिरवला. टीप तिचीच. कापड तिनं कमरेला खोचलं, खुर्चीवर बसली आणि पंखा हातात घेतला. भाऊ खोलीतच होता, पण ती अशी वारा घालत राहिली, जणू तिथं कुणी नाहीच.

तिथून तो सरळ कारखान्यात गेला. अधिकाऱ्यांपुढे तो काळा गोळा ठेवला आणि सगळं सांगितलं. मोठे साहेब चिडले, "तेव्हाच का नाही बोललास?" अधिकाऱ्यांनी साहेबांनाच विचारलं, गरम बॉयलरमध्ये माणूस कुणी उतरवला. त्यावर साहेबांना दुसऱ्या कामाची आठवण झाली. पुढे त्यांचं काही झालं नाही. काजळ्याला मात्र त्यानंतर कुठल्याही बॉयलरपाशी उभं करून घेतलं नाही. आता म्हणे झाकण लावायच्या आधी प्रत्येक नळीतून लाकडी गोळी सोडतात, खाली पडल्याचा आवाज आला तरच पुढे. हे बुटक्यानं येऊन सांगितलं. काजळ्यानं ऐकून घेतलं.

फायरमन त्यानंतर लवकरच गेला. नर्सनं सांगितलं, शेवटचे दिवस काचेचं काही बोलला नाही, शांत होता. माती द्यायला काजळ्या गेला, पण लांब उभा राहिला. बायको पुढे गेली, ताईनं तिला जवळ घेतलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग तो कोळशाच्या वखारीत पोती भरायचा. कानामागची काळी रेघ राहिली, कारण वेगळं. दोन्ही घरांमधलं एक दार बंद झालं ते झालं. ताईच्या दारावरून जाताना तो चाल मंद करायचा, आणि ती आत असली तर कडी लावायची. त्याची बायको जायची यायची, तिला कधी अडवलं नाही. एकदा तिनं विषय काढला, तर ताई म्हणाली, "चहा घेतेस की जातेस?" मग पुन्हा काढला नाही.

पण एक सांगते. पुढे कितीतरी वर्षांनी नळावर कुणी नवीन बाई आली, तिनं ऐकीव काहीतरी बोलून दाखवलं, की ह्यांचे यजमान डुलकी लागली म्हणून गेले ना. ताईनं कळशी खाली ठेवली. म्हणाली, "काचेत पाणी होतं. माझा भाऊ स्वतः आत उतरून बघून आलाय. त्यानं सांगितलंय."

काजळ्या तेव्हा रस्त्यानं पोतं घेऊन चालला होता. त्यानं ऐकलं. पोतं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ताईनं कळशी उचलली, घरात गेली आणि कडी लावली.